तळटीप

क्वम हेलिगला मी मोटारीनेच गेलो.
वेल्सच्या त्या खोऱ्यात दुसरं काही जात नाही;
बस मंगळवारी आणि शुक्रवारी,
तीही ड्रायव्हरची पाठ दुखत नसेल तर.
काम साधं होतं. साठ वर्षांपूर्वी उखडलेली
एकोणीस मैलांची लाइन
पुन्हा घालता येईल का, एवढं सांगायचं.
हो किंवा नाही, आणि खाली आकडे.

पहिले चार मैल सोपे. भराव शाबूत,
वर मेंढ्या, घरच्या जागेत बसल्यासारख्या.
पाचव्या मैलावर पूल नाही. म्हणजे खांब आहेत,
नदीत गुडघाभर उभे,
डोक्यावरचं ओझं कुणी उतरवून नेलं
आणि ‘आता जा’ म्हणायला विसरलं, असे.
बोगद्यात वटवाघळं. कायद्याने त्यांना उठवता येत नाही.
(माणसांना येतं, भरपाई देऊन.)
पुढे भरावाच्या पोटातून सांडपाण्याचा पाइप,
त्याहून पुढे बायपास, आडवा.
मी लिहीत गेलो. पावसाने वही फुगली.

संध्याकाळी चॅपलमागच्या खोलीत सभा.
चौतीस माणसं, एक कुत्रा, डबाभर बिस्किटं.
हेविन प्रॉदरो उभे राहिले, वय चौऱ्याहत्तर,
पाकिटातून शेवटच्या दिवसाचं तिकीट काढलं.
सगळ्यांनी ते आधी पाहिलेलं. तरी हातोहात फिरलं.
‘याला भोक कसं नाही?’
कादीने विचारलं. सतरा वर्षांची,
कॉलेजसाठी पहाटे पाचला उठणारी.
हेविननी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
‘मी चढलो नव्हतो. वडिलांनी नुकतीच व्हॅन घेतली होती.
आम्ही गाडीला हात हलवायचो, पोरी.
तिकीट कधीतरीच काढायचो.’
‘म्हणजे त्या हात हलवण्याचं भाडं
आता मी भरतेय,’ ती म्हणाली.
कुत्रा उठून दुसरीकडे जाऊन बसला.

अकराव्या मैलावर बंगली. बरोबर लाइनीवर.
मेइनिरबाईंनी दार उघडलं, कोपरापर्यंत पीठ.
‘गाडी कुठून जाणार, दाखवा.’
मी टेप काढली. चार फूट साडेआठ इंच:
सिंकच्या कडेपासून फ्रिजच्या दारापर्यंत,
तसूभरही फरक नाही.
त्या आळीपाळीने दोन्हीकडे बघत राहिल्या.
मला वाटलं, रडतील, किंवा वकिलाचं नाव काढतील.
त्यांनी मधोमध आलेलं स्टूल तेवढं बाजूला केलं.
मग सांगितलं: नवरा डायलिसिसवर होता.
आठवड्यातून तीनदा छप्पन्न मैल जायचं, छप्पन्न यायचं.
रस्ता इतका पाठ, की डोळे मिटूनही गेले असते.
एकदा मिटलेच.
केस मागे सारून कपाळावरची खूण दाखवली.
‘तीन लाख पौंड द्या,
आणि थांबा इथेच हवा.
इथे. तुम्ही उभे आहात तिथे.’

अहवाल महिनाभराने दिला.
खर्चाच्या एका पौंडामागे परतावा एकतीस पेन्स.
सद्यःस्थितीत व्यवहार्य नाही.

व्यवहार्य. शब्दाच्या पोटात व्यवहार आहे,
म्हणजे देणं आणि घेणं;
इथे दिलं कुणी, घेतलं कुणी,
याला छापील तक्त्यात रकाना नव्हता.
हेविनचं तिकीट मी जमेला मांडू की खर्चाला?
शेवटी पान एक्केचाळीस, तळटीप सात, बारीक टाइपात:
अकराव्या मैलावरील रहिवासी जागा देण्यास तयार.
रक्कम कळवली आहे. अट एकच, थांब्याची.

वरिष्ठ म्हणाले, ही कशाला?
मी म्हटलं, राहू दे.
जागा फारशी लागत नाही तिला.